विचारायचं नसतं

सतराव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि एक पाहुणी बाई आत आली. एका हातात पोहण्याचे टॉवेल, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी आणि पायाशी नुकतंच चालायला लागलेलं मूल. वेंडेल पास्कुआ कोपऱ्यात हत्यारांची पेटी घेऊन उभा होता. त्या लिफ्टचं दार आठवडाभर अडखळत होतं. सकाळपासून तीन तास खपून त्याने ते सरळ केलं होतं आणि आता वर-खाली फिरवून बघत होता. बाईचे हात मोकळे नव्हते, तेव्हा मुलाने इकडेतिकडे पाहिलं आणि जे आधी हाताला लागलं ते धरलं. ते वेंडेलचं बोट होतं, उजव्या हाताचं, तेलाने काळं झालेलं. बाई ओशाळं हसली. वेंडेल हसला नाही, कारण त्याने श्वास रोखून धरला होता. सतरा मजले ते बोट त्या ओलसर, कोमट मुठीत होतं. मुठीला ओढ नव्हती, भीती नव्हती, फक्त धरून ठेवणं होतं. तळमजल्यावर मूठ सुटली आणि टॉवेल, पिशवी, मूल सगळं उन्हात निघून गेलं. दार नीट मिटलं, नीट उघडलं, परत मिटलं. वेंडेल बोट तसंच पुढे काढून उभा राहिला. मग कुणीतरी वरून बटण दाबलं आणि लिफ्ट त्याला घेऊन पुन्हा वर गेली.

दुपारी डबा उघडला तरी त्याचं लक्ष त्या बोटाकडेच. होनोलुलूच्या बड्या हॉटेलांत लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. लोकांना समुद्र दिसावा म्हणून तो त्यांना रोज वर पोचवायचा आणि संध्याकाळी कालीहीतल्या आपल्या तळमजल्यावरच्या घरी जायचा. तिथे खिडकीतून शेजाऱ्याचं कपडे धुण्याचं यंत्र दिसे. बायको लॉरेनला जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी शेना सहा वर्षांपूर्वी वेगासला गेली, तिथल्या इस्पितळात नर्स झाली. तिथलाच ब्रेंट नावाचा मुलगा तिने पसंत केला, आणि आता तिला दहा महिन्यांची मिका होती. मिकाला वेंडेलने फक्त फोनच्या काचेत पाहिलं होतं. ती आजोबाला बघून पुढे यायची आणि काच चाटायची, मग पडद्यावर नुसता गुलाबी अंधार. 'आवडतोस तू तिला,' असं शेना म्हणायची. वेंडेल म्हणायचा, 'हं.' आज त्याच्या बोटाला कळलं होतं की इतकी छोटी मूठ गरम असते. ही गोष्ट काचेतून कळली नव्हती, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी एका परक्या पोराकडून कळावी याची त्याला लाज वाटली, रागही आला. राग कुणाचा ते मात्र ठरेना.

त्या संध्याकाळी त्याने शेनाला फोन लावला. मनात एकच वाक्य होतं: मिकाला घेऊन ये. तोंडातून निघालं ते आपल्या लहानपणच्या लानाई बेटाबद्दल, तिथल्या दोस्ताबद्दल, "नेस्टर म्हणत होता, लानाईला यंदा चितळ फार झालेत. कुंपणं मोडतायत. ब्रेंटला यायचं असलं तर बघ."

"ब्रेंटला एकट्याला?" शेनाने विचारलं.

"एकट्याला कशाला. तुम्ही सगळेच या की. समुद्र आहे, वाळू आहे. त्याची शिकार होईल, तुमची सुट्टी होईल."

"कधी?"

त्याने जो आठवडा सांगितला त्याच्या पुढच्या मंगळवारी मिका वर्षाची होणार होती. ते त्याने सांगितलं नाही. शेना म्हणाली, "चालेल." त्या एका 'चालेल'वर वेंडेल दोन महिने जगला.

आता हे इथल्या माणसांचं खूळ आहे, दुसऱ्या कुणाला सांगून पटायचं नाही. माशांना जायचं असो की शिकारीला, तसं तोंडाने म्हणायचं नाही. जाळं खांद्यावर दिसत असलं तरी शेजारी विचारणार नाही आणि जाणारा सांगणार नाही. 'होलोहोलोला चाललोय,' एवढंच म्हणायचं, म्हणजे असंच, जरा फिरून येतो. नाव घेतलं की मासा ऐकतो, हरीण ऐकतं, आणि हात हलवत परत यावं लागतं. वेंडेल सात वर्षांचा असताना, लानाईवर, एका पहाटे बापाच्या ट्रकमध्ये चढता चढता आनंदाने ओरडला होता, 'आम्ही शिकारीला चाललोय!' अननसाच्या शेतात आठवडाभर वाकून काम करणारा त्याचा बाप, त्याला मिळणारी ती एक रविवारची सकाळ. बाप रागावला नाही. त्याने ट्रक बंद केला, गोणपाटात गुंडाळलेली बंदूक उतरवली, आत नेऊन ठेवली आणि पायरीवर बसून राहिला. आईने कॉफी आणून दिली, ती त्याने प्यायली. दिवसभरात कुणी वेंडेलला एक शब्द बोललं नाही. मार खाल्ला असता तर तो विसरून गेला असता. त्या दिवसापासून जे जे हवंसं वाटलं ते ते त्याने जिभेवर येऊ दिलं नाही, आणि गंमत अशी की त्यातलं बरंच मिळतही गेलं, त्यामुळे खूळ पक्कं झालं. लॉरेन ही कालीहीची पोर्तुगीज पोरगी, तोंडाची फटकळ. दोन वर्षं तो तिच्या बापाचं घर रंगवायला, नळ दुरुस्त करायला, गटार उपसायला जात राहिला. शेवटी तीच म्हणाली, 'आमच्या घरात आता मोडकं काही उरलं नाही. तुझ्या मनात आहे ते तू विचारतोस की मी विचारू?' तिनेच विचारलं. पुढे संसारातही विचारायचं खातं तिच्याकडेच राहिलं. शेनाला ताप आहे का, पोरगा कोण आहे, पुढे काय करणार आहेस, परत कधी येणार. वेंडेल पलीकडच्या खोलीतून उत्तरं ऐकायचा. लॉरेन गेल्यावर उत्तरं यायची थांबली.

आणि पहिला वाढदिवस म्हणजे काही घरगुती केक नव्हे. लेकरू वर्षाचं झालं की लुआऊ होतो. अख्ख्या गावाला जेवण, मांडव, गाणी, पोटात डुक्कर नाहीतर चितळ आणि डोळ्यांत पाणी. वेगासला गेलेली माणसं सुद्धा पोर उचलून घरी येतात. होणार का, असं कुणी विचारत नाही. कुणाच्या अंगणात, एवढंच विचारतात. म्हणून वेंडेलने शेनाला विचारलं नाही. तिची परतीची तारीखही विचारली नाही. शाळेपासूनचा दोस्त नेस्टर लानाईवरच राहिला होता आणि पाहुण्यांना शिकारीला नेणं हाच आता त्याचा धंदा होता. त्याला वेंडेलने फक्त एवढंच म्हटलं, "तुझं गॅरेज त्या रविवारी मोकळं आहे का?"

"का रे?"

"असंच."

नेस्टरने शीळ घातली. "असंच म्हणे! कितवा महिना चालू आहे पोरीला? अकरावा ना? बरं बरं, मी काही ऐकलं नाही." आणि फोन ठेवल्यापासून सूर्य मावळेपर्यंत ते गावातल्या प्रत्येकाने ऐकलेलं होतं.

सोमवारी होनोलुलूच्या विमानतळावर त्याने मिकाला पहिल्यांदा हातात घेतलं आणि ती भेदरून रडली. तिचं वजन त्याच्या अंदाजापेक्षा जास्त होतं, तिला दुधाचा आणि कसल्यातरी परक्या साबणाचा वास येत होता, आणि ती अंग ताठ करून त्याच्यापासून मागे झुकत होती. "नवी माणसं दिसली की करते ती असं," ब्रेंट म्हणाला. तांबूस दाढीचा, धिप्पाड, स्वभावाने गरीब माणूस. त्याचा राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं, फक्त तो सासऱ्याला नावाने हाक मारायचा, 'वेंडेल, ही बॅग मी घेतो', 'वेंडेल, तुम्ही पुढे बसा.' त्याच्याकडची रीतच तशी, त्याला कुणी काय म्हणावं. पण दर हाकेला वेंडेलला वाटे की आपल्याला कुणीतरी कामावर बोलावतंय. चिमुकल्या विमानाने ते लानाईला उतरले. राहायला घेतलेलं घर जुनं मजुरांचं घर होतं, पत्र्याचं, आता आत पांढरे पडदे आणि शिंपल्यांची चित्रं. इथे पूर्वी बालेस्तेरोस नावाचं कुटुंब राहायचं, नऊ माणसं दोन खोल्यांत. मोरीजवळची फळी दाबली की करकरायची ती अजूनही करकरत होती. वेंडेलचं लहानपणचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं, निळा रंग दिलेलं, दाराशी कुणाच्या तरी सायकली. तो दिवसातून दोनदा तिथून गेला आणि दोन्ही वेळा दुकानात जात असल्यासारखं दाखवलं. आपल्याच गावात सुट्टीवर आलेल्या माणसाला काही काम नसतं. त्याला टॉवेल घेऊन समुद्रावर जावं लागतं.

तो गेला. मंगळवारी गेला, बुधवारी गेला. छत्रीखाली बसला. शेना आणि ब्रेंट मिकाचे पाय लाटेत बुडवून काढत होते आणि ती दर वेळी नव्याने दचकून हसत होती. वेंडेल टॉवेल सांभाळत होता. मध्ये एकदा मिका रांगत त्याच्यापर्यंत आली, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्याच्या मांडीवरून पलीकडे जाऊन चप्पल उचलली. तेवढ्यानेही त्याला बरं वाटलं. दुपारी दुकानात गेलं की गावातल्या बाया मिकाचे गाल ओढायच्या, 'डोळे लॉरेनचे गं बाई, अगदी लॉरेनचे!' आणि निघताना न चुकता म्हणायच्या, 'येतो हं रविवारी.' ब्रेंट गोंधळून बायकोकडे बघायचा. शेना हसायची. ते हसू वेंडेलच्या ओळखीचं होतं. ओठ हसतात आणि चेहरा आपल्या जागी राहतो. तो रोज सकाळी आरशात बघून दाढी करताना तेच तोंड समोर असायचं. त्या हसण्यामागे काहीतरी आहे हे त्याला कळलं, आणि सवयीने त्याने ते विचारलं नाही. विचारलं तर ते होईल. नाही विचारलं तर कदाचित होणार नाही. दुकानातून त्याने तांदळाची एक जास्तीची पिशवी घेतली.

गुरुवारी उजाडायच्या सुमाराला नेस्टरचा ट्रक दाराशी आला. तांबड्या मातीच्या रस्त्याने वर, पाइनच्या झाडांमधून टपटपणारं धुकं ओलांडून, मग उत्तरेच्या उतारावर. तिथे धुकं संपतं आणि वाळलेलं पिवळं गवत, काटेरी झाडं आणि समुद्रापलीकडे मोलोकाई बेट दिसतं. नेस्टरने दोघांना एका खडकाच्या आडोशाला बसवलं. "वारा तोंडावर आहे, छान आहे. मी पलीकडून नाल्याशी जाऊन बसतो. खोकू नका, बोलू नका," असं म्हणून तो पार दिसेनासा झाला. वेंडेलने बंदूक मांडीवर घेतली. नऊ वर्षांत हात लावला नव्हता, पण हाताला सगळं ठाऊक होतं. थंडगार पोलाद, गवताचा वास, ओठांवर धुळीची चव. त्याला वाटलं, इथे बसून राहायला काही हरकत नाही. कुणी काही बोलत नाही आणि तरी दोघं मिळून काहीतरी करतायत. असं त्याचं आणि बापाचं तासन्‌तास चालायचं. त्याच्या मते प्रेम म्हणजे हेच होतं, एकाच दिशेला बघत गप्प बसणं. शेनाच्या बाबतीतही तो इतकी वर्षं हेच करत आला होता. फक्त ती शेजारी बसलेली नव्हती एवढा एक तपशील त्याच्या लक्षात आला नव्हता. तो आत्ता आला, पहाटेच्या वाऱ्यात, आणि त्याच वेळी ब्रेंट कुजबुजला.

"वेंडेल, एक विचारू?"

वेंडेलने मान हलवली. ती 'नको' म्हणून हलवली होती. ब्रेंटला ते कळलं नाही.

"लोक मला रविवारचं विचारतायत. काल त्या दुकानात तिघीजणींनी विचारलं. एका आजींनी तर, मी किती खातो, तेसुद्धा विचारलं. मला वाटतं, काहीतरी घोटाळा झालाय. आम्ही तर शनिवारी सकाळी निघतोय. मिकाची पार्टी पुढच्या शनिवारी आहे, माझ्या आईच्या अंगणात. शेना म्हणाली होती की मी डॅडशी बोलते. बोलली नाही का ती?"

"बोलली," वेंडेल म्हणाला.

"हां, मग ठीक. मला उगाच काळजी."

"बोलली की. गावातल्यांचं काय, ते बोलतात काहीही."

ब्रेंटचा जीव भांड्यात पडला, ते त्याच्या खांद्यांवरून दिसलं. वेंडेल समोर बघत राहिला. दुःख एकदम आलं नाही. आधी आली ती एक मूर्ख आठवण, की गॅरेजमध्ये तो कालच ताडपत्रीच्या दोऱ्या नव्या बांधून आला होता, पावसाची शक्यता आहे म्हणून. मग छातीच्या मधोमध कुणी गुडघा टेकवून बसावं तसं झालं. मिका वर्षाची होईल, कुणीतरी तिला उचलून फोटो काढेल, आणि तो फोटो फोनमध्ये येईल. आपण तो काचेवर बोटं ताणून मोठा करून बघू. याहून जास्त काही होणार नाही. आणि हे कुणी केलं? कुणीच नाही. सगळे किती चांगले वागले होते. त्याला ओरडावंसं वाटलं, लिफ्टच्या पोकळीत तळाशी उभं राहून एकदा ओरडला होता तसं, लॉरेन गेली त्या आठवड्यात, वरच्या मजल्यांवर कुणाला काही कळलं नव्हतं. इथे उतार उघडा होता. तेवढ्यात ब्रेंटने त्याच्या मनगटाला हात लावला आणि हनुवटीने दाखवलं.

अकरा होते. माद्या, पाडसं आणि मागे एक म्हातारा नर, शिंगांवर गवत अडकलेलं. कुणा जुन्या राजाला नजराणा म्हणून यांचे पूर्वज बोटीतून आले म्हणतात. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वेंडेलचा बापही बोटीतूनच आला होता, अननस तोडायला, दोन वर्षांसाठी म्हणून. मग इथलंच गवत, इथलीच माती अंगाला लागत गेली आणि आता हे बेट त्यांचंच. तो नर थांबला, कान टवकारले. पांढरे ठिपके उन्हात एकेक दिसत होते. 'तुम्ही,' ब्रेंटने ओठांनीच म्हटलं. नाही मारलं तर सांगावं लागेल की का नाही मारलं, म्हणून वेंडेलने दुर्बिणीला डोळा लावला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. नर जागच्या जागी बसला. बाकीचे दहा उड्या मारत खाली गेले आणि उतार पुन्हा नुसता गवताचा झाला. "काय नेम आहे, वेंडेल!" ब्रेंटने त्याला मिठीच मारली. माणूस मनापासून आनंदला होता. त्या मिठीत क्षणभर वेंडेलला वाटलं की यालाच सांगावं, याला तरी. पण नेस्टर टेकाडावरून हात हलवत येत होता.

नेस्टरच्या गॅरेजमध्ये आडव्या वाशाला जनावर टांगून ते कातडं सोलायला लागले. भिंतीशी बर्फाच्या सात पेट्या होत्या. कालपर्यंत चार होत्या. गावाने आपापल्या फ्रीजरमधून काढून आणून ठेवलं होतं, मांस, मासे, कुणी वाफवलेला टारोचा कंद. बाहेर निळी ताडपत्री, खाली घडीची बारा टेबलं. नेस्टर तोंडाने चालूच होता, रविवारी गिटार कोण आणणार, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही. वेंडेल सुरी चालवत होता. मांडीचा सांधा सापडला की सुरी आपोआप आत जाते, जोर लागत नाही. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. ब्रेंट अंगणातल्या नळावर हात धूत होता, तेव्हा मिकाला कडेवर घेऊन शेना फाटकातून आली. ताडपत्रीखाली आली आणि थांबली. तिने टेबलं पाहिली, पेट्या पाहिल्या. ओठांवर जे हसू होतं ते तिने काढून टाकलं.

"डॅड, हे काय आहे?"

"असंच," वेंडेल म्हणाला.

"असंच? बारा टेबलं असंच येतात?"

नेस्टरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी जरा बर्फ घेऊन येतो," तो म्हणाला, आणि बर्फाच्या सात पेट्या ओलांडून निघून गेला.

"ब्रेंटने सांगितलं मला सकाळी," वेंडेल म्हणाला. "शनिवारचं."

शेनाने मिकाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी सांगणार होते. रोज सकाळी उठले की ठरवत होते, आज सांगायचं. समुद्रावर सांगायचं. तू छत्रीखाली बसलेला असायचास."

"मग?"

"मग काय! तू विचारशील म्हणून वाट बघत होते. विचारलं असतंस तर सांगितलं असतं ना. पण तू विचारतच नाहीस, डॅड. कधीच नाही. मी वेगासला गेले तेव्हा दोन तास बसलो होतो आपण विमानतळावर. मॉम रडत होती. मी तिच्याकडे बघतच नव्हते, तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, हा एकदा म्हणेल, नको जाऊस. एकदाच म्हण, मी बॅग उचलून परत येते. तू काय म्हणालास, आठवतं? विमानात थंडी वाजते, जाकीट वर ठेव."

वेंडेलला आठवत होतं. त्या दोन तासांत त्याच्या तोंडात ते वाक्य होतं, विरघळत नव्हतं, गिळवत नव्हतं. म्हटलं तर ती नक्की जाईल, असं त्याला वाटलं होतं. नाव घेतलं की जातं. आणि ती त्याच्या गप्प तोंडाकडे बघत गेली होती. सहा वर्षं त्याने या गोष्टीला नशीब म्हटलं होतं.

"ठेवलं होतंस का वर?" त्याने विचारलं.

"काय?"

"जाकीट."

शेना हसली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "ठेवलं होतं," ती म्हणाली. मिकाने आईच्या तोंडाकडे बघून ओठ काढले, मग विचार बदलला.

"थांबा ना," वेंडेल म्हणाला. आवाज त्याला स्वतःला ओळखू आला नाही, कुणा दुसऱ्याच माणसाचा, आजारी माणसाचा. "रविवारपर्यंत थांबा. मला हिचा लुआऊ बघायचाय. इथे. मला पाहिजे आहे."

एवढं बोलून त्याला धाप लागली. शेना जवळ आली, पण त्याचे हात रक्ताचे होते आणि तिच्या कडेवर पोर, त्यामुळे ती हातभर अंतरावर थांबली. "डॅड, तिकिटं काढलीयत. माझी सोमवारची ड्यूटी आहे. त्याच्या आईने सगळ्यांना बोलावलंय, दोन महिने झाले. आता नाही रे होणार."

"बरं."

हे 'बरं' म्हणून झालं की तो एरवी कामाला लागायचा. आताही त्याने सुरी उचलली, मग खाली ठेवली.

"मग मी येऊ? तिकडे?"

शेनाने ब्रेंटकडे पाहिलं. ब्रेंट नळाशी, ओले हात तसेच धरून, तिच्याकडे बघत होता. फार वेळ नाही, एखादं दार मिटायला लागतो तेवढाच. पण तेवढ्यात वेंडेलला सगळं दिसलं. वेगासचं दोन खोल्यांचं घर, त्यातली एक आधीच कुणाला तरी दिलेली. परकं अंगण, परकी गाणी, आणि कडेच्या खुर्चीत मांडीवर ताटली घेऊन बसलेला एक माणूस, ज्याच्याशी येणारा-जाणारा चांगलं बोलून पुढे जातो. तो सहा वर्षांत एकदाही गेला नव्हता, तेव्हा त्याची जागा कुणी राखून ठेवली नव्हती. यात त्यांची चूक काही नव्हती.

"ये ना," शेना म्हणाली. "ये, डॅड. अगदी ये." तीनदा म्हणाली. एकदाच म्हणाली असती तर त्याला जास्त बरं वाटलं असतं.

"येतो," वेंडेल म्हणाला.

फाटक वाजलं. फेली आँटी, पंच्याऐंशी वर्षांच्या, कानाने अधू, गावातल्या निम्म्या पोरांना हातावर झेललेल्या, दोन्ही हातांत मोठं पातेलं धरून येत होत्या. ब्रेंटने धावत जाऊन पातेलं घेतलं. आँटींनी आधी मिकाचा पाय धरून मुका घेतला, मग टांगलेल्या चितळाकडे पाहून पसंतीची मान हलवली, आणि टेबलाशी बसत मोठ्याने म्हणाल्या, "भाताचं भांडं आहे हे. तुझ्या वेळेलाही हेच होतं, वेंडेल. रविवारी किती वाजता यायचं, बाळा?"

शेनाने तोंड उघडलं. वेंडेलने हाताने तिला थांबवलं, पुढे गेला आणि आँटींच्या कानाशी वाकला. "रविवारी नाही, आँटी. इथे नाहीच. तिकडे आहे, वेगासला, पुढच्या शनिवारी. आईकडे त्याच्या."

आँटींनी बारा टेबलांवरून नजर फिरवली आणि ती परत त्याच्या तोंडावर आणली. "आणि तू?"

"मी जातोय."

"तुला बोलावलंय त्यांनी?" आँटींनी विचारलं. त्यांचा आवाज अंगणभर गेला. नळाशी ब्रेंट थांबला, शेना मान खाली घालून मिकाची टोपी नीट करायला लागली.

"नाही," वेंडेल तितक्याच मोठ्याने म्हणाला. "मी विचारलं."